बाजूचा जिना

लॉइड ब्रेनमनचं पत्र जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. सत्त्याहत्तराव्या वर्षी ते कोणालाही पटलं असतं. पण मी विसरलो नव्हतो. वाचत असलेल्या पुस्तकात मी ते पत्र खूण म्हणून घातलं, आणि ते पुस्तक संपल्यावर पुढच्या पुस्तकात. ऑक्टोबरपर्यंत त्याची पाच पुस्तकं झाली.

वहीचं रेघांचं पान, निळं बॉलपेन, अक्षर मोठं आणि उजवीकडे कललेलं. पत्र छोटंच होतं.

‘मिस्टर घारपुरे, मी तुम्हाला आठवत असेन की नाही माहीत नाही. मी स्टेडियमच्या सात नंबर गेटवर उभा असतो. एक्क्याण्णव साली पूल उघडला त्या दिवशी तुम्ही माझ्याजवळ येऊन म्हणाला होतात, मॅचच्या दिवशी बाजूचा जिना कधी बंद होऊ देऊ नका. मी होऊ दिला नाही. आता ते तो बंद करणार आहेत. मी मीटिंगमध्ये उभा राहून बोललो तर त्यांनी विचारलं, हे कुठं लिहिलंय? मी म्हटलं, इंजिनियरने मला सांगितलं होतं. त्यावर काही जण हसले. तुम्ही ते एका कागदावर लिहून खाली सही करून पाठवाल का? एक वाक्य पुरे.’

तो मला आठवत होता. लाल जाकीट घातलेला, लांब हातांचा, पस्तिशीचा माणूस. उद्घाटनाच्या दिवशी बँड वाजत होता, साहेब लोक फोटो काढून घेत होते आणि मी नेहमीसारखा कडेला उभा होतो. त्या गर्दीत मला बोलायला सोपा वाटला तो एकटा लॉइड, म्हणून मी त्याला सांगितलं. खरं तर मला ते दुसऱ्याच माणसांना सांगायचं होतं.

आमचं हे कॉलेजचं गाव नेपरव्हिलपासून गाडीने दोन तासांवर आहे. एरवी शांत, पण फुटबॉलच्या शनिवारी गावाच्या दुप्पट माणसं इथे उतरतात. गाड्या लावायची मोठी मैदानं रेल्वेच्या पलीकडे आहेत आणि स्टेडियम अलीकडे. मध्ये मालगाड्यांचे दोन रूळ आणि त्यांच्यावरून जाणारा पादचारी पूल. तो पूल मी आखला. मी एका छोट्या फर्ममध्ये होतो, वर साहेब होते, पण आकडे माझे. पूल चौदा फूट रुंद. स्टेडियमच्या टोकाला त्याचे दोन फाटे होतात: समोर आठ फुटांचा उतार, तो सरळ सात नंबर गेटपाशी जातो, आणि बाजूला सहा फुटांचा जिना. आठ आणि सहा चौदा. यात काही विद्वत्ता नाही. जेवढी माणसं पुलावर येतील तेवढी खाली उतरली पाहिजेत, इतकंच.

पहिल्या नकाशाच्या कोपऱ्यात मी टीप लिहिली होती. साहेबांनी ती लाल पेन्सिलीने खोडली. “सॅम, नकाशावर उपदेश लिहायचे नसतात. जिना बांधतोय तो बंद करायला कोण बसलंय?” मी “ओके” म्हटलं. माझं नाव सुमंत. त्यांनी सॅम केलं, त्यालाही मी ओकेच म्हटलं होतं.

लॉइडला उत्तर न देण्याचं कारण मी स्वतःला सांगायचो ते असं, की चौतीस वर्षांत नियम बदलले असतील, आपलं गणित जुनं झालं असेल, आपण रिटायर्ड. दुसरं कारण मी स्वतःलाही सांगत नव्हतो. जिना बंद करण्याची योजना माझ्या मुलाची होती.

सत्यजित युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागात आहे. तीन वर्षं टीम हरत होती, लोक मॅचला यायचे आणि हाफटाइमला घरी जायचे. मॅचच्या दिवसाचं वातावरण सुधारायचं काम त्याच्याकडे आलं आणि त्याने ते मनावर घेतलं. जिन्याच्या पायथ्याशी स्टेज, खाण्याच्या गाड्या, फोटो काढायची भिंत. मॅचच्या दोन तास आधी खेळाडू बसमधून उतरून लोकांच्या मधून चालत गेटपर्यंत येणार. आणि त्यांच्या पुढे ढोल-ताशा.

ही कल्पना रुहीची. रुही माझी नात, एकोणीस वर्षांची, त्याच युनिव्हर्सिटीत शिकते आणि नेपरव्हिलच्या पथकात ताशा वाजवते. गेल्या वर्षी गणपतीत तिने बापाला पथक दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, “यार, हे मला गेट सेव्हनला पाहिजे!” चाळीस ढोल, दहा ताशे, दोन ध्वज. आमच्या मराठी मंडळात दोन महिने दुसरा विषय नव्हता. ज्यांनी जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता अशा काकूंनी टीमच्या रंगाच्या साड्या काढून ठेवल्या. अशा वेळी मी उठून काय म्हणणार होतो?

सप्टेंबरच्या पहिल्या मॅचला सत्यजितने मला तिकीट आणून दिलं.

“बाबा, पुस्तक घरी ठेवा हं.”

“छोटंसं आहे,” मी म्हटलं.

“रुही, बघ. आजोबा मॅचला पुस्तक आणतायत.”

“लेट हिम, डॅड. इट्स हिज हेल्मेट.”

मी पुस्तक जाकिटाच्या आतल्या खिशात घातलं. त्यात लॉइडचं पत्र होतं.

ऊन कडक होतं. मी मैदानाच्या बाजूने पुलावर चढलो तेव्हा पुढे फक्त डोकी दिसत होती, तरी लोक चालत होते, हसत होते. अर्ध्यावर आलो आणि ढोल सुरू झाले. मला ते पोटात जाणवले. बायका-पोरं फोन वर धरून पुढे सरसावली. मीही सरसावलो, खोटं कशाला सांगू. आपली नात वाजवते आहे, आणि एवढे परके लोक ती ऐकायला धावताहेत, हे सुख मला कधी मिळालं नव्हतं.

पथक उतारावरून खाली गेटपाशी पोचलं, आणि थांबलं.

पुण्यात काय किंवा नेपरव्हिलमध्ये काय, पथकाला शिकवतात तेच त्यांनी केलं. चौक आला की चालणं थांबवायचं, गोल करायचा आणि एका जागी उभं राहून वाजवायचं. त्याला ते स्थिरवादन म्हणतात. गेटसमोरची मोकळी जागा त्यांना चौकासारखी वाटली. ढोलांनी गोल केला, ध्वज मध्ये नाचू लागले आणि त्यांच्यामागे उतारावर असलेले सगळे लोक बघायला उभे राहिले.

पुलावरचे मात्र उभे राहिले नाहीत. त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. मैदानाकडून माणसं चढतच होती. बाजूच्या जिन्यापाशी प्लॅस्टिकचे बॅरिकेड लावलेले होते आणि त्यांच्यावर टीमचं हसरं चित्र.

आधी माझे कोपर अंगाला चिकटले. मग पुढच्या माणसाच्या पाठीचा घाम माझ्या गालाला लागला. कोणीतरी “बॅक अप, बॅक अप” म्हणून ओरडत होतं, पण पुलाखालून मालगाडी चालली होती आणि समोर चाळीस ढोल होते. माझ्या शेजारी एक बाई होती, पन्नाशीची, डोक्याला टीमची रिबन. तिचं तोंड उघडं होतं पण आवाज येत नव्हता. एका क्षणी मला कळलं की माझे बूट जमिनीला लागत नाहीत. खिशातलं पुस्तक बरगडीत घुसत होतं आणि मला श्वास सोडता येत होता, घेता येत नव्हता. डोक्यात एकच गोष्ट चालली होती. चौदातून सहा गेले, आठ. चौदातून सहा गेले, आठ.

मग उजवीकडे काहीतरी तडकलं आणि गर्दी त्या बाजूला एकदम ढिली झाली. माझे पाय टेकले. माणसं जिन्यावरून खाली सांडत होती, काही बसून, काही रांगत. जिन्याच्या तोंडाशी लाल जाकिटातला एक म्हातारा दोन्ही हातांनी प्लॅस्टिकचं बॅरिकेड उचलून कठड्यापलीकडे फेकत होता. हात अजून तेवढेच लांब होते.

सगळं मिळून दीड-दोन मिनिटं झालं असेल. कोणी मेलं नाही. एका माणसाचा चष्मा फुटला, एक मूल रडत होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात ध्वजांचा मोठा फोटो होता.

रविवारी सत्यजितकडे जेवायला गेलो. सूनबाई हिमानीने पुरणपोळ्या केल्या होत्या. सत्यजित सारखा फोन बघत होता.

“बाबा, सर्व्हेमध्ये नाइन पॉइंट टू! आयुष्यात असा स्कोर आला नव्हता. लोक म्हणतायत, गेट सेव्हन म्हणजे इलेक्ट्रिक.”

“पुलावर जरा दाटी झाली होती,” मी म्हटलं.

“दाटी पाहिजेच ना! रिकाम्या पुलाला कोण ॲटमॉस्फियर म्हणेल?”

“आजोबा, तुम्ही बघितलं का?” रुहीचे डोळे चमकत होते. “मी ताशा वाजवताना वर बघत होते. पुलावर सगळ्यांचे हात वर होते! एव्हरीबडी! जुने जुने अंकलसुद्धा. इतके लोक कधी आमच्यासाठी नाचले नाहीत.”

माझा घास तसाच राहिला. हात वर का जातात हे मला माहीत होतं. छाती दबली की माणूस हात वर काढतो, श्वासाला जागा व्हावी म्हणून. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पाणी प्यायलो.

“तो बाजूचा जिना,” मी सत्यजितला म्हटलं, “उघडा असायला हवा होता, असं मला... म्हणजे माझी चूकही होत असेल.”

“एका वेड्या गेटमॅनने बॅरिकेड फेकून दिलं. खाली स्टेजवर पडलं असतं तर? लायबिलिटी कोणाची? त्याला काढलंय आता. होमकमिंगला आम्ही तिथे स्टील पॅनल बोल्ट करतोय, कोणाला हलवता येणार नाही.” मग तो जरा मऊ झाला. “बाबा, तुमचा पूल आहे, आय नो. पण मी सगळी ड्रॉइंग्ज मागवून बघितली. जिना बंद करू नये असं कुठं लिहिलंय?”

“नाही लिहिलेलं,” मी म्हटलं.

होमकमिंग म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांचा शनिवार, वर्षातली सर्वांत मोठी गर्दी. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार. सप्टेंबरच्या दुप्पट लोक येणार होते, पथकही साठ ढोलांचं होणार होतं. मी दिवस मोजू लागलो. पुस्तकाची पानं उलटत होती पण वाचलेलं काही आठवत नव्हतं. रोज सकाळी फिरायला जाताना मुद्दाम रुळांच्या कडेने जायचो. होमकमिंगच्या आठवड्यातल्या सोमवारी जिन्याच्या तोंडाशी कामगार ड्रिल चालवताना दिसले. माझ्याच काँक्रीटमध्ये भोकं पडत होती. दुसऱ्या दिवशी पोलादी खांब उभे होते आणि त्यांना पॅनल बोल्ट केलेलं होतं.

त्याच दुपारी पब्लिक लायब्ररीत लॉइड भेटला. परतीच्या खिडकीपाशी तो मोठ्या टायपातली पुस्तकं ठेवत होता. जाकीट लाल नव्हतं, त्यामुळे मी आधी ओळखलंच नाही. त्याने ओळखलं.

“मिस्टर घारपुरे. तुम्ही होतात त्या दिवशी पुलावर. मी बघितलं तुम्हाला.”

“तुम्ही बॅरिकेड काढलंत म्हणून...” पुढचं मला जमेना. “तुम्हाला काढून टाकलं असं ऐकलं. फार वाईट झालं.”

“वय झालंच होतं.” त्याने शेवटचं पुस्तक खिडकीत सरकवलं. “मी तुम्हाला एक पत्र पाठवलं होतं. जुलैमध्ये. मिळालं का?”

पत्र माझ्या काखेतल्या पुस्तकात होतं. त्याचा रेघांचा कोपरा बाहेर दिसत होता की नाही, मला आजही सांगता येत नाही.

“पत्र?” मी म्हटलं. “नाही बुवा.”

लॉइडने मान डोलावली. “पोस्टाचं काही खरं नाही हल्ली.” मग तो म्हणाला, “शनिवारी मी घरीच आहे. तिकीट काढून आत जावं म्हटलं, पण त्या पॅनलला आता हात लावून उपयोग नाही. बोल्ट आहेत.”

तो गेला. आयुष्यात मी फार खोटं बोललो नाही. गप्प राहिलो की काम भागत असे. त्या दिवशी गप्प राहणंही पुरलं नाही.

घरी येऊन तळघरात गेलो. माझी बायको उत्तरा असताना दर उन्हाळ्यात म्हणायची की हे नकाशांचे गुंडाळे टाका, आणि मी टाकतो म्हणायचो. चौथ्या नळीत तो निघाला. कागद पिवळा पडला होता, कोपऱ्यात माझं पेन्सिलीचं अक्षर. ‘कार्यक्रमाच्या वेळी जिना व उतार दोन्ही खुले ठेवावेत.’ त्यावर साहेबांची लाल रेघ. रेघेखालचं सगळं वाचता येत होतं.

मी गणित पुन्हा केलं, तीनदा. तिन्ही वेळा चूक सापडावी अशी माझी इच्छा होती. सापडली नाही.

बुधवारी सकाळी फायर मार्शलच्या, म्हणजे आगीपासून गर्दीपर्यंतची सुरक्षा तपासणाऱ्या ऑफिसला फोन केला. बोलण्यापूर्वी दोनदा ठेवून दिला. तिथल्या बाई शांत होत्या. तोंडी तक्रार त्या नोंदवून घेतील म्हणाल्या, पण मॅचसाठी जिना उघडायला लावायचा तर कोणा जाणकाराचं सहीचं मूळ पत्र आणि नकाशाची प्रत हातात हवी. आज पाठवलंत तर शुक्रवारी माणूस जाऊन बघेल.

माझी दोन पत्रं लिहून झाली तेव्हा रुही आली. तिला माझ्या पोटमाळ्यावरचा जास्तीचा ताशा हवा होता. टेबलावरचा नकाशा बघून ती थबकली.

“हे काय, आजोबा?”

मी तिला सांगितलं. उलटसुलट सांगितलं, मध्ये दोनदा माफी मागितली. चौदा, आठ, सहा. पथक थांबलं की काय होतं. ती उभ्यानेच ऐकत होती.

“मग आम्ही थांबणार नाही. चालत राहू. मी सांगते सगळ्यांना.”

“तुम्ही चालत राहिलात तरी लोक थांबतील. ते तुमच्यासाठी थांबतात.”

ती खुर्चीत बसली. अगदी हळू आवाजात तिने विचारलं, “ते हात?”

मी नकाशाची वळलेली कड सरळ केली.

“दे वर नॉट डान्सिंग?”

“नाही, बाळ.”

तिने तोंडावर हात दाबून धरला. मग एकदम चिडून म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं! त्या रविवारी मी बोलत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं. व्हाय डिडन्ट यू से समथिंग?”

“मला वाटलं, माझंच चुकत असेल,” मी म्हटलं. ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं हे तिला दिसलं आणि मलाही.

“डॅडला सांगितलंत?”

“त्यालाही लिहिलंय.” मी दुसरं पाकीट दाखवलं.

“आजोबा! तो दहा मिनिटांवर राहतो!”

“तोंडाने सांगितलं की मी शेवटी ‘माझी चूकही होत असेल’ असं म्हणतो. कागदावर मला ते खोडता येतं.”

ती हसली नाही. ताशा न घेताच गेली. जाताना दारात म्हणाली, “मी पथकाला सांगणार आहे की शनिवारी आपण नाही वाजवायचं. ते ऐकतील की नाही, माहीत नाही. साठ जण येतायत, पार अर्विंगहून विमानानेसुद्धा. दे बॉट टिकेट्स.”

मग मी लॉइडचं उत्तर लिहिलं. ते सर्वांत शेवटी ठेवलं होतं, कारण तेच सर्वांत अवघड होतं.

‘प्रिय मिस्टर ब्रेनमन, तुमचं पत्र मला जुलैमध्येच मिळालं. काल मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही मागितलेलं वाक्य खाली देतो आहे. मॅचच्या दिवशी पुलाचा बाजूचा जिना कधीही, कोणत्याही कारणाने बंद करू नये. हे मी एक्क्याण्णव साली लिहिलं होतं आणि खोडू दिलं. जिना बंद असेल तर पुलावर माणसं चिरडून मरतील. ही शक्यता नाही, हे गणित आहे. ते सोबत जोडलं आहे. हा कागद कोणालाही दाखवा.’

माझा इंजिनियरचा शिक्का ड्रॉवरमध्ये होता. लायसन्स संपल्यावर तो वापरायचा नसतो. मी तो हातात घेऊन पाहिला आणि परत ठेवला. खाली नुसती सही केली, पूर्ण नावाने. सॅम लिहिलं नाही.

पोस्ट ऑफिस चार चौक लांब आहे. वाटेत खांबाखांबावर होमकमिंगचे फलक होते, त्यांच्यावर ध्वज नाचवणारी मुलगी. युनिव्हर्सिटीच्या मैदानाकडून ढोल ऐकू येत होते. पथकातले लांबून आलेले काही जण दुपारीच सरावाला लागले असावेत. रुही पोचली होती की नाही, पोचली असेल तर तिचं कोणी ऐकलं की नाही, त्या आवाजावरून काही कळत नव्हतं. ठेका एकदा थांबला. मीही फुटपाथवर थांबलो. मग तो पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जलद.

खिडकीवरच्या माणसाने तिन्ही पाकिटं वजनाला लावली. “उद्या दुपारपर्यंत पोचतील. गावातलीच आहेत.”

“नक्की?”

“नक्की असं आम्ही काही सांगत नाही, सर.”

त्याने फायर मार्शलचं पाकीट मागच्या टोपलीत टाकलं, मग सत्यजितचं. लॉइडचं उचलताना माझा हात अजून त्याच्यावर होता. त्याने माझ्याकडे बघितलं. लांब कुठेतरी मालगाडीचा भोंगा वाजला, पुलाच्या बाजूला. मी हात काढून घेतला आणि त्याने पाकीट टोपलीत टाकलं.